३० टक्के पृथ्वी राखायचं ठरलं, पण गावाला कोणी विचारलं?

माळढोक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगभरच्या देशांनी जैवविविधतेचा आराखडा मंजूर केला. कुनमिंग-माँट्रियल आराखडा म्हणून तो ओळखला जातो. त्यात एकूण २३ लक्ष्यं आहेत आणि तिसरं सगळ्यात जास्त गाजलं : २०३० पर्यंत जगातली ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा. करार झाला तेव्हा जमीन साधारण १७ टक्के आणि समुद्र ८ टक्के संरक्षित होता. म्हणजे ७-८ वर्षांत जमीन जवळपास दुप्पट, समुद्र जवळपास चौपट.

आता ही वाढीव जमीन कुठून येणार? शहरं आणि बागायती शेती यात येणार नाही, हे उघड आहे. उरतात डोंगर, जंगलं, माळरानं, खाड्या. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती राहिली म्हणूनच ते रान टिकलंय.

त्याच तिसऱ्या लक्ष्यात आदिवासींच्या आणि स्थानिक समुदायांच्या हक्कांचा मान राखूनच हे करायचं, त्यांच्या पारंपरिक प्रदेशांना मान्यता द्यायची, असंही लिहिलंय. बाविसावं लक्ष्य तर निर्णयातल्या त्यांच्या सहभागाचंच आहे. पुढे २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात याच देशांची पुढची परिषद झाली, तिथे या समुदायांसाठी करारांतर्गत कायमस्वरूपी मंडळ नेमायचं ठरलं. १९९२ च्या मूळ जैवविविधता करारातलं कलम ८(ञ), म्हणजे पारंपरिक ज्ञान आणि ते जपणाऱ्या लोकांबद्दलचं कलम, त्याला हक्काची जागा मिळायला ३२ वर्षं लागली.

माझं मत स्पष्ट सांगतो. जंगल राखायचं असेल तर त्याचा कारभार गावाच्या हाती द्यायला हवा. गावाला 'सहभागी' करून घेणं आणि गावाने निर्णय घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जागतिक कागदावर आज पहिलं आलंय, दुसरं अजून नाही. तुमचा अनुभव काय? जिथे गावाच्या हाती कारभार आला तिथे रान सुधारलं की बिघडलं? गडचिरोली, कोकण, गोवा, परदेश, कुठलाही अनुभव चालेल. ऐकीव नको, पाहिलेलं आणि वाचलेलं लिहा.

मीरा_ठाणे

चांगला विषय. एक शंका. जगातली ८० टक्के जैवविविधता आदिवासींच्या जमिनीवर आहे, असं सगळीकडे वाचते. व्हॉट्सॲपवर तर दर पर्यावरण दिनाला येतं. हे खरं आहे का?

गणितमास्तर

मीराताई, त्या आकड्याला आधार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी तसं स्पष्ट लिहिलं, आणि लिहिणाऱ्यांत आदिवासी समाजातले अभ्यासकही होते. हा आकडा मोठमोठ्या संस्थांच्या अहवालांत वर्षानुवर्षं एकमेकांकडून उचलला गेला, पण मागे मागे गेलं तर मोजणी कुठेच सापडत नाही. जैवविविधता अशी टक्क्यांत मोजताही येत नाही. प्रजाती मोजायच्या, संख्या मोजायची की जनुकं?

त्याऐवजी २०१८ च्या एका अभ्यासाचा आकडा वापरा, तो नकाशांवरून काढलेला आहे. आदिवासी समुदायांची मालकी, वहिवाट किंवा व्यवस्थापन असलेली जमीन ८७ देशांत मिळून किमान ३.८ कोटी चौरस किलोमीटर भरते. जगाच्या जमिनीचा चौथा हिस्सा. आणि जमिनीवरच्या संरक्षित क्षेत्रांपैकी सुमारे ४० टक्के क्षेत्र या प्रदेशांत येतं. हा आकडाच इतका मोठा आहे की फुगवायची गरज नाही. खोटा आकडा वापरला की समोरचा तेवढाच खोडतो आणि मुद्दा बाजूला राहतो.

मीरा_ठाणे

धन्यवाद मास्तर. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आत्ताच टाकते.

पट्टेदार

मी उलट बाजू मांडतो, राग मानू नका. मेळघाट आणि ताडोबा मी बरीच वर्षं पाहतोय. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली आणि गावठाणाच्या, शेताच्या जागी गवत आलं. गवतावर चितळ-सांबर आलं, त्यामागे वाघ आला. ताडोबात नवेगाव उठल्यावर तेच. हे डोळ्यांनी पाहिलंय. वाघिणीला पिल्लं वाढवायला निवांत जागा लागते, ती गुरं-कुत्री-सरपण या वर्दळीत मिळत नाही. तुमचा ग्रामसभेचा कारभार बांबू-मोहासाठी उत्तम असेल, पण जंगलाचा थोडा गाभा तरी माणसाशिवाय ठेवायलाच हवा. आणि पुनर्वसनाची मागणी कित्येक ठिकाणी लोकच करतात. दवाखाना ४० किलोमीटरवर असलेल्या गावातल्या बाईला विचारा.

घाटवाट

पट्टेदार +१. रोमँटिक होऊन चालत नाही.

काळाकोट

पट्टेदार यांचा मुद्दा गांभीर्याने घ्यायला हवा, पण कायदा काय सांगतो तेही पाहू.

वनहक्क कायदा २००६, म्हणजे जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे जंगलावरचे हक्क मान्य करणारा कायदा, कलम ४(२). वन्यप्राण्यांसाठी गाभा क्षेत्र मोकळं करायचं असेल तर क्रम ठरलेला आहे. आधी त्या गावाचे सगळे वनहक्क मान्य करायचे. मग माणसांच्या वावराने प्राण्यांचं न भरून येणारं नुकसान होतंय हे दाखवायचं. मग सहअस्तित्वाचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही हे ठरवायचं. मग पुनर्वसनाची योजना, आणि शेवटी ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण, लेखी संमती. वन्यजीव कायद्यात २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांसाठी जवळपास हेच आलं.

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी शेवटची पायरी आधी होते. हक्कच मान्य नाहीत, तर माणूस कशाच्या बदल्यात संमती देतोय हे त्यालाच माहीत नसतं. जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवलं की गाभा क्षेत्रांत अजून ५९१ गावं, ६४,८०१ कुटुंबं आहेत, पुनर्वसनाला प्राधान्य द्या. त्या पत्रावर देशभर आदिवासी संघटनांनी हरकत घेतली ती याच कारणाने.

दवाखाना दूर आहे म्हणून गाव उठायला तयार होतं, हे खरं. पण दवाखाना देणं हे शासनाचं कामच आहे. तो न देऊन मिळालेली संमती मुक्त कशी?

वैनगंगा

काळाकोट दादा, शेवटची ओळ आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लिहून लावते.

मी गडचिरोलीत वनहक्काच्या कामात आहे, कोरची-कुरखेडा भाग. माळढोक यांनी विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यांना मेंढा (लेखा) माहीत आहे. धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, त्यांना मिळाला, देशात सुरुवातीच्या गावांपैकी. पण बाहेरून पाहणाऱ्यांना वाटतं की पट्टा मिळाला आणि झालं. पट्टा मिळाल्यावर बांबू तोडला, तर वाहतूक परवाना द्यायला खातं तयार नाही. बांबू तुमचा, पण गावाबाहेर न्यायचा नाही! वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून, म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल असं उत्पन्न म्हणून, स्पष्ट लिहिलेला, तरी दोन वर्षं हाच वाद. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका परवाना-पुस्तकासाठी मंत्री आणि मुख्यमंत्री गावात यावे लागले, यावरून समजा की कारभार हाती घेणं म्हणजे काय असतं.

गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं पेपरात येतात, ती यायलाच हवीत. पण मेंढ्याचं खरं बळ त्यांच्या अभ्यासगटात आहे आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याच्या पद्धतीत आहे. मत टाकून बहुमताने मोकळं व्हायचं नाही. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसायचं. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा यावरही त्यांचा अभ्यासगट बसला होता.

आता तेंदूचा हंगाम सांगते, म्हणजे जंगलाचा कारभार म्हणजे काय ते कळेल. मार्चमध्ये ठेकेदार खुटकटाई करून घ्यायचे, म्हणजे झुडपं छाटायची, की नवी मोठी पानं फुटतात. लवकर फुटावीत म्हणून कुणीतरी खाली आग लावायचं. ती आग पसरली की मोहाची रोपं, जमिनीवर घरटं करणारे पक्षी, सगळं गेलं. मे महिन्यात पहाटे बाया पानं तोडायला जातात, दुपारी अंगणात बसून ७० पानांचा पुडा बांधतात, संध्याकाळी फळीवर मोजून देतात. ग्रामसभांनी लिलाव स्वतः करायला घेतला तेव्हा पहिल्यांदा असं झालं की आग लागली तर नुकसान आपलं. मग आगीवर लक्ष ठेवायची पाळी गावच ठरवायला लागलं.

चंद्रपूरचं पाचगाव एक पाऊल पुढे गेलं. २०१२ मध्ये त्यांना हक्क मिळाला. त्यांनी तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण छाटणी आणि आग नको, झाडाला फळं धरू देत, पाखरं खातील, आपणही खाऊ. बांबूवर भागवायचं ठरवलं. शिवाय जंगलाचा एक तुकडा देवराई म्हणून कोणीच हात लावायचा नाही असा वेगळा काढला. पट्टेदार दादा, माणसाशिवायचा गाभा तुम्ही म्हणता ना, तो त्या गावाने स्वतःच काढून ठेवला. कुणी उठवलं नाही, कुणी कुंपण घातलं नाही.

आणि वाघाचं म्हणाल तर आमच्याकडे तेंदूच्या हंगामात वाघाने माणसं मारल्याच्या घटना होतात, तेव्हा वाघाबद्दल गावात प्रेमच असतं असं मी म्हणणार नाही. तरी वाघ मारा असा ठराव ग्रामसभेत मी पाहिलेला नाही. पहाटे एकट्याने जायचं नाही, अमुक नाल्याच्या पलीकडे यंदा जायचं नाही, असे ठराव पाहिलेत.

हरणटोळ

वैनगंगाताई, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

पट्टेदार

पाचगावचं माहीत नव्हतं, जाऊन पाहीन. तरी विचारतो. हजार हेक्टरच्या गावाने काढलेली देवराई म्हणजे २५-५० हेक्टर. वाघिणीचा प्रदेश त्याच्या कितीतरी पट असतो. छोट्या छोट्या ग्रामसभा मिळून एवढा मोठा प्रदेश एकत्र सांभाळतील, असं एक तरी उदाहरण द्या.

चकोर

देतो. कर्नाटकातला बिळिगिरी रंगन डोंगर, व्याघ्र प्रकल्प. तिथे सोलिगा आदिवासी राहतात. २०११ मध्ये त्यांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले, व्याघ्र प्रकल्पाच्या आत असं पहिल्यांदाच झालं. आणि २०१० ते २०१४ या काळात तिथल्या वाघांची संख्या जवळपास दुप्पट झाली. केवळ सोलिगांमुळे झाली असं म्हणणार नाही, पण त्यांच्या तिथे राहण्याने वाघ कमी झाले नाहीत एवढं नक्की. सोलिगा पूर्वी पाचोळ्याला थंडीत हलकी आग लावत, ती खात्याने बंद केली. मग घाणेरीचं रान माजलं आणि गवत गेलं, असं ते कधीचे सांगतायत. आता अभ्यासकही त्यावर लिहितात.

दुसरं उदाहरण नागालँडचं. तिथे बहुतेक जंगल गावांच्या, कुळांच्या मालकीचं आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये दोयांग जलाशयाजवळ पांगती भागात अमूर ससाणे जाळ्यात धरून हजारोंनी मारल्याचे व्हिडिओ जगभर गेले. वर्षभरात गावांच्या सभांनी बंदी घातली, दंड ठरवला, आणि २०१३ मध्ये तिथे शिकार थांबली. पोलिसांनी हे एका वर्षात केलं नसतं. हेच ससाणे पुढे महाराष्ट्रावरून जाऊन अरबी समुद्र ओलांडतात. लोणावळ्याला नोव्हेंबरात दिसले की पांगतीच्या लोकांची आठवण येते. खोनोमा गावाने तर १९९८ मध्येच शिकार बंद करून स्वतःचं अभयारण्य केलं, ट्रॅगोपान या दुर्मिळ पक्ष्यासाठी.

घाटवाट

अवांतर : लोणावळ्यात ससाणे नेमके कुठे? आम्हाला फक्त चिक्की दिसते.

चकोर

पठारी गवताळ भागात, संध्याकाळी, वाळवी उडते तेव्हा. व्यक्तिगत निरोप पाठवतो. धागा भरकटायला नको.

अनघा_वेलिंग्टन

इकडचं सांगते. न्यूझीलंडमध्ये 'ते उरेवेरा' नावाचं दाट जंगल आहे, तूहोए या माओरी जमातीचं. १९५४ पासून ते राष्ट्रीय उद्यान होतं आणि तूहोए आपल्याच जंगलात परके झाले होते. २०१४ मध्ये संसदेने कायदा करून उद्यानाचा दर्जाच काढला. आता 'ते उरेवेरा' कायद्याने स्वतःच एक व्यक्ती आहे, सरकारच्या मालकीचं नाही आणि तूहोएंच्याही नाही. कारभार पाहणाऱ्या मंडळात आता बहुमत तूहोएंचं आहे. २०१७ मध्ये व्हांगानुई नदीलाही असाच दर्जा मिळाला.

पण सगळं गोड नाही. २०२२ मध्ये तूहोएंच्या प्रशासनाने जंगलातल्या जुन्या झोपड्या पाडायला घेतल्या. शिकारी आणि ट्रेकर मंडळी चिडली ते समजू शकतं, पण तूहोएंपैकीच काही जण कोर्टात गेले की आम्हाला विचारलंच नाही. समुदाय म्हणजे एकमुखी काही नसतं. आपल्या लोकांची संस्था झाली की तीही काही काळाने कार्यालयासारखी वागू लागते. मला तरी हा प्रश्न मालकीपेक्षा अवघड वाटतो.

वैनगंगा

अनघाताई, अगदी खरं. म्हणून तर गावाच्या आतल्या लोकशाहीवर वेळ घालवावा लागतो. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सभासदांची आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया असायला हव्यात असं आहे. सुरुवातीला बाया येत, मागे बसत, सही करत, जात. तेंदूचे पैसे थेट बाईच्या खात्यात जमा करायचा ठराव झाला त्या दिवशी मागच्या बाया पुढे येऊन बसल्या. ते मी पाहिलंय. तेव्हापासून दारूपासून खाणीपर्यंत सगळ्यावर त्याच आधी बोलतात.

सत्तरीकार

गोव्यातून. आमच्याकडे याच्या उलटं झालं ते लिहितो.

म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झालं, सत्तरीतली गावंच्या गावं त्यात आली. लोकांचे हक्क ठरवायचं काम मात्र वर्षानुवर्षं रेंगाळलं. काजूची लागवड कोणाची, कुमेरी (डोंगरावरची फिरती शेती) कोणाची, पोरस (परसबाग) कोणाचा, काहीच नक्की नाही. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घालून मारलेली सापडली. गुरं मारली म्हणून. मला त्या कृत्याचं समर्थन अजिबात करायचं नाही, ती चार जनावरं गेल्याचं आजही दुःख आहे. पण गुरं गेल्यावर भरपाई वेळेवर मिळत नाही आणि आपली जमीन आपली आहे की नाही हेही माहीत नाही, अशा गावात वाघाचं पाऊल दिसलं की लोकांना वाटतं आता आपल्याला उठवणार. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला आणि तीच भीती गावोगाव पुन्हा उठली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आमच्याकडचे जुने लोक वाघ्रोदेवाला मानतात. वाघ आमचा देव आणि वाघाचीच भीती घालून आम्हाला घर सोडायला लावणार, हे कसं सहन होईल? हक्क आधी दिले असते तर मी स्वतः गावात फिरून व्याघ्र प्रकल्पाला पाठिंबा मागितला असता.

काळाकोट

सत्तरीकार, तुमचा प्रतिसाद वाचून एका निकालाची आठवण झाली. ओडिशातला नियमगिरी. डोंगरिया कोंध आदिवासींचा देव त्या डोंगरावर राहतो आणि तिथे बॉक्साइटची खाण व्हायची होती. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांबद्दल ग्रामसभेने ठरवावं. त्या पावसाळ्यात १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही सभांनी खाणीला नकार दिला. डोंगर वाचला. जैवविविधतेच्या कुठल्याही अभयारण्यात न बसणारा डोंगर वाचला, आणि तो वाचवला हक्काच्या कायद्याने.

जगात उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. केनियाच्या माऊ जंगलातल्या ओगियेक लोकांच्या बाजूने आफ्रिकी न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला, २०२२ मध्ये भरपाई ठरवली, आणि तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांची घरं पाडली गेली. टांझानियात लोलिओंडोला जून २०२२ मध्ये १,५०० चौरस किलोमीटरवर सीमेचे खांब पुरताना मासाईंवर गोळीबार झाला. माँट्रियलचा करार त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाला. करारात हक्कांची भाषा आली ती अशा घटनांनंतर आदिवासी प्रतिनिधींनी प्रत्येक शब्दासाठी भांडून आणलेली आहे.

गणितमास्तर

पैशाबद्दल कोणी बोललं नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत काही देशांनी आणि देणगीदार संस्थांनी आदिवासी-स्थानिक समुदायांच्या जमीनहक्कांसाठी १.७ अब्ज डॉलर जाहीर केले. पहिल्या वर्षाच्या त्यांच्याच अहवालात थेट त्या समुदायांच्या संस्थांना पोचले ते ७ टक्के. बाकी मधल्या संस्थांतून.

काली परिषदेत ठरलेला निधी बरा वाटतो. औषधं, बियाणं, सौंदर्यप्रसाधनं करणाऱ्या कंपन्या वनस्पती-प्राण्यांची जनुकीय माहिती संगणकावरून वापरतात, त्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का द्यावा, आणि त्यातला किमान निम्मा समुदायांनी स्वतः ठरवलेल्या गरजांसाठी जावा. पण देणं ऐच्छिक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रोमला निधी सुरू झाला.

मीरा_ठाणे

ऐच्छिक म्हणजे आमच्या सोसायटीच्या वर्गणीसारखं. असो, विषय गंभीर आहे. पण मग आपल्याकडे गावाला असा पैसा पोचायची काही वाट आहे का?

हरणटोळ

आहे, कागदावर. २००२ च्या जैवविविधता कायद्यात प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. देशात अशा अडीच लाखांहून अधिक समित्या झाल्यात. हरित लवादाने मुदत घातल्यावर घाईघाईने झाल्या. लोकजैवविविधता नोंदवही म्हणून जी वही गावाने वर्षभर फिरून करायची, ती कित्येक ठिकाणी बाहेरच्या माणसाने दोन बैठकांत भरली. आमच्या तालुक्यातल्या एका वहीत समुद्री कासवाची नोंद आहे, आणि आम्ही घाटावर आहोत.

दर्याखोरा

कासवं आमच्याकडे द्या. वेळास, आंजर्ले. घरटी पळवून अंडी खाल्ली जायची तिथे आता गावातली पोरं रात्री किनारा फिरून अंडी कुंपणात हलवतात, आणि पिल्लं सुटताना पाहायला येणाऱ्यांना घरोघरी जेवू घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने सुरुवात केली, पण गावाने अंगावर घेतलं म्हणून टिकलं. आम्ही काही आदिवासी नाही, मासेमारी आणि आंब्याची गावं. 'स्थानिक समुदाय' मध्ये आम्हीही येतो ना?

माळढोक

येता की, दर्याखोरा. करारात आदिवासींच्या जोडीने स्थानिक समुदाय आहेतच.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. भारतातली संरक्षित क्षेत्रं जमिनीच्या ५ टक्क्यांच्या आसपास आहेत. ३० टक्क्यांपर्यंत जायचं तर अभयारण्यं वाढवून ते होणार नाही. म्हणून करारातल्या दुसऱ्या वाटेने, म्हणजे अभयारण्य नसलेली पण रान राखणारी क्षेत्रं मोजून, आकडा गाठायचा विचार आहे. देवराया, गावजंगलं, पाणथळी, सगळं मोजता येईल. मला इथेच भीती वाटते. मेंढ्याचं जंगल उद्या जागतिक आकड्यात मोजलं गेलं, तर कोणाच्या परवानगीने? आणि एकदा मोजल्यावर तिथे बांबू तोडायला कोणी आडकाठी केली तर?

पट्टेदार

हा प्रश्न रास्त आहे. मी वाघाच्या बाजूने बोलत असतो, पण गावाला न विचारता त्याचं जंगल यादीत घालू नये याला माझा पूर्ण पाठिंबा. आणि अशी यादी करताना गावाने स्वतः राखून ठेवलेला भाग वेगळा दाखवला, पाचगावसारखा, तर वाघाच्या संचारमार्गासाठी ते फार मोलाचं ठरेल. ताडोबातून निघालेला वाघ शेवटी याच गावांच्या जंगलांतून चालत जातो.

वैनगंगा

पट्टेदार दादा, हे ऐकून फार बरं वाटलं. पाचगावला जाल तेव्हा कळवा, सोबत येईन.

माळढोक दादांच्या प्रश्नाचं उत्तर. ग्रामसभेचा ठराव असल्याशिवाय जंगल कुठल्याही यादीत जाऊ नये, आणि ग्रामसभेने वनहक्क कायद्याप्रमाणे केलेला व्यवस्थापन आराखडाच तिथे चालावा. बांबू, मोह, तेंदू त्यात असतंच. एवढं लेखी मिळालं तर आमच्याकडची बरीच गावं आनंदाने नाव देतील. पण आधी गावाला हे माहीत तर हवं. मी कोरचीच्या एका बैठकीत ३० टक्क्यांबद्दल सांगितलं तर एक आजी म्हणाल्या, "आमचं जंगल त्यांनी कधी पाहिलं?" पुढे विचारलं, कागद दाखव. माझ्याकडे इंग्रजी कागद होता.

काळाकोट

पश्चिम घाटाच्या वेळी हेच झालं होतं. पश्चिम घाट कसा राखायचा याबद्दल माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला. तो मराठीत करून ग्रामसभांत चर्चेला पाठवा असं समितीचंच म्हणणं होतं. तसं झालं नाही, अफवा मात्र गावोगाव पोचल्या. तरीही सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी आम्हाला पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात घ्या, खाण नको, असे ठराव केले होते. लोकांसमोर विषय नीट गेला तर लोक काय ठरवतात याचा हा पुरावा आहे.

मी तिसरं आणि बाविसावं लक्ष्य, आणि वनहक्क कायद्यातली कलम ३(१)(झ), ४(२) आणि ५, एवढं साध्या मराठीत दोन पानांत करतो. रविवारपर्यंत इथे टाकतो. सगळ्यांनी तपासा, वकिली भाषा दिसली तर झोडपा.

सत्तरीकार

मी कोंकणीत करीन.

माळढोक

गोंडीचं काय? आणि कोरकूचं? मेळघाटातलं कोणी आहे का इथे?

वैनगंगा

गोंडीसाठी आमच्याकडे दोन शिक्षक आहेत, देवनागरीत लिहून देतील. वाचून दाखवलेलं मोबाइलमध्ये भरूनही घेऊ, कारण आजीला वाचता येत नाही. काळाकोट दादा, दोन पानं शक्यतो मोठ्या अक्षरात टाका आणि फाइल लहान ठेवा. टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. तेंदूचा हंगाम सुरू झाला की बैठका होत नाहीत, तेव्हा एप्रिलच्या आत हातात पडलं तर बरं.